पाटीवरचे नियम

ज्या ठिकाणीं माणसाच्या जिवाला धोका असतो तेथें नियम असावे, आणि ते कडक असावे, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत होण्याचें कारण नाहीं. आगगाडीच्या फाटकाशीं उभा असलेला मनुष्य "आज मला घाई आहे, तेवढें फाटक उघडा" असें म्हणत नाहीं. म्हणालाच, तर त्याची कीव करावी. परंतु त्याच फाटकवाल्यानें "फाटकाशीं थांबणारानें माझ्याच टपरीवरचा चहा घेतला पाहिजे, हा सुरक्षिततेचा नियम आहे" अशी दुसरी पाटी शेजारीं लावली तर काय होईल? चहा कोणी घेईल, कोणी घेणार नाहीं. पण पहिल्या पाटीकडे पाहण्याची लोकांची दृष्टि मात्र त्या दिवसापासून बदलेल. अमेरिकेंतील बंदुकीच्या नेमबाजीच्या एका केंद्रांत घालविलेल्या तीन-चार दुपारांनीं हा विचार माझ्या मनांत पक्का झाला. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें हल्लीं तिकडे असतात, आणि पाहुणचारासाठीं गेलेल्या आईवडिलांना हौसेनें अशा ठिकाणीं नेतात. तेव्हां हा विषय आपल्या घरांपासून वाटतो तितका दूर नाहीं.

टेक्सस राज्यांत ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरांत माझे चिरंजीव व सूनबाई बरींच वर्षें राहतात. दोघांनाही तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला आहे. सूनबाईंना कचेरींतल्या मैत्रिणींच्या संगतीनें नेमबाजीचा नाद लागला आणि त्यांचा हात चांगला बसला. मींही कॉलेजांत असतांना एन्. सी. सी. मध्यें पॉइंट टू-टू रायफलीनें पांच पांच गोळ्यांचे नेम मारले होते, त्यामुळें "बाबा, याल का?" असें त्यांनीं विचारतांच मी आनंदानें तयार झालों.

आपल्याकडे नेमबाजी म्हटली कीं क्रीडासंकुल, प्रशिक्षक आणि पदकें डोळ्यांपुढें येतात. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां आपण पेढे वांटले. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रकायद्यामुळें परवान्यावांचून पिस्तूल हातीं येत नाहीं. वाटेवरून जातां जातां आंत शिरावें, तासाचें भाडें द्यावें आणि पिस्तूल चालवावें, अशी सोय नाहीं. अमेरिकेंत ती आहे. तेथील रेंज हें पुष्कळदां एक दुकान असतें. पुढच्या भागांत बंदुकींची विक्री, मागच्या भागांत जाड काच, काचेपलीकडे ओळीनें गाळे. प्रत्येक गाळ्यापुढें कागदी लक्ष्य तारेवरून पुढें-मागें सरकतें, आणि शेवटीं गोळ्या अडविणारा पोलादी उतार. ज्याच्यापाशीं स्वतःची बंदूक आहे त्यानें ती आणावी. नसेल त्यानें भाड्यानें घ्यावी. अर्थात् तेथें येणारा हा शिष्य नसून ग्राहक असतो. ग्राहक म्हटला कीं त्याला रांग, दर, वागणूक आणि वेळ या सर्वांविषयीं मत असतें. आणि तें बोलून दाखविण्याचा हक्कही असतो.

पहिल्या दिवशीं दारांतच एक काचेची पाटी हातांत मिळाली. तिच्यावरचा मजकूर बोटानें सरकवीत जावयाचा, ठिकठिकाणीं आद्याक्षरें करावयाचीं, शेवटीं सही. मजकूर कायद्याच्या भाषेंतला आणि लांबलचक. मागें रांग उभी. मीं चष्मा लावून वाचावयास सुरुवात केली तेव्हां गल्ल्यावरचा तरुण म्हणाला, "तें सगळें वाचायला नको, नुसती सही करा." जिवावर बेतलें तर आम्ही जबाबदार नाहीं, असें ज्यांत लिहिलें आहे तो लेख न वाचतां त्यावर सही करा, असें सांगणारा हाच मनुष्य दहा मिनिटांनीं दुसऱ्या एकाला "भिंतीवरचे नियम वाचले नाहींत का?" म्हणून दरडावीत होता. कोणतें वाचावयाचें आणि कोणतें सोडावयाचें, हें ग्राहकानें कसें ओळखावें?

पुढें त्यानें माझें पारपत्र पाहिलें आणि "तुम्हांला चालणार नाहीं" असें म्हणून परत केलें. कारण विचारलें. "आमचें धोरण आहे." शेजारच्या खिडकीशीं एक इंग्रज प्रवासी, माझ्यासारखाच थोड्या दिवसांचा पाहुणा, आपलें पारपत्र दाखवून आंत गेला. त्याला चालतें, मला चालत नाहीं. याचा अर्थ जो कोणीही लावील तोच चिरंजिवांनीं लावला. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाबा, चला. अशा ठिकाणीं पैसे द्यायचे नाहींत." आम्ही निघालों, गाडींत घर येईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

घरीं आल्यावर सूनबाईंनीं शांतपणें कायदा शोधून काढला, आणि धोरणाचें मूळ सांपडलें. १९९७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सज्जावर, प्रवाशाच्या व्हिसावर आलेल्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थानें गोळीबार केला. एक मनुष्य ठार झाला, कित्येक जखमी झाले, आणि त्या गृहस्थानें स्वतःचाही अंत करून घेतला. तें पिस्तूल त्यानें फ्लॉरिडांत विकत घेतलें होतें. पुढच्याच वर्षीं, १९९८ च्या ऑक्टोबरांत, अमेरिकेच्या कायद्यांत दुरुस्ती झाली: तात्पुरत्या व्हिसावर देशांत आलेल्या परक्या माणसानें बंदूक व काडतुसें जवळ बाळगूं नयेत. त्यांत प्रवासी आले, विद्यार्थी आले आणि एच्-वन-बी वर नोकरी करणारे आपले हजारों तरुणही आले. इंग्लंडच्या पाहुण्याला अल्प मुदतीच्या प्रवासासाठीं व्हिसाच लागत नाहीं. आणि ही बंदी व्हिसावर आलेल्यांपुरतीच आहे, असा अर्थ तेथील संबंधित खात्यानें २०१२ सालीं लावला. म्हणून तो आंत आणि मी बाहेर.

या कायद्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक मोठा मौजेचा आहे. ज्याच्यापाशीं अमेरिकेंतील एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल त्याला ही बंदी नाहीं. हा परवाना खेळाच्या सामानाच्या दुकानांतही मिळतो. टेक्ससांत १९७१ च्या सप्टेंबरची २ तारीख किंवा तीनंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीपूर्वीं सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. माझा जन्म तिच्या पुष्कळ आधींचा, तेव्हां तीही अट नडली नाहीं. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरांतला मी, खिशांत शिकारीचा परवाना घालून दुसऱ्या शनिवारीं पुन्हां त्याच खिडकीपुढें उभा राहिलों. "बाबा, हा कागद पुण्याला नेल्यावर देवघरांत ठेवूं नका हं," असें सूनबाई हंसत म्हणाल्या. खिडकीवरच्या तरुणानें परवाना पाहिला, मान हलविली आणि मला आंत सोडलें. मागच्या शनिवारचा तो एक अपमान, चिरंजिवांच्या मनांतला तो एक डाग, हें सारें "हा आमचा नियम नाहीं, देशाचा कायदा आहे, शिकारीचा परवाना असेल तर चालेल" या दोन वाक्यांनीं वांचलें असतें. तीं दोन वाक्यें त्याला कोणी शिकविलीं नव्हतीं, किंवा शिकविलीं असूनही तीं उच्चारण्याचे कष्ट त्याला नको होते.

आंत गेल्यावर दुसरा प्रसंग काडतुसांचा. चिरंजिवांनीं आपल्या पिस्तुलासाठीं बाहेरच्या दुकानांतून स्वस्तांतलीं काडतुसें आणलीं होतीं. देखरेखीच्या अधिकाऱ्यानें खिशांतून लोहचुंबक काढला, तो काडतुसाला लावला, काडतूस चिकटलें, "हीं चालणार नाहींत. सुरक्षितता. आमच्याकडचीं घ्या." त्यांच्याकडचीं काडतुसें चांगलींच महाग होतीं.

आतां या चुंबकाची कथा ऐकण्यासारखी आहे. गोळीच्या पोटांत पोलाद असेल, किंवा तिच्यावरचें आवरण पोलादाचें असेल, तर ती शेवटच्या उतारावर आदळून त्याला खड्डे पाडते, ठिणग्या उडविते, आणि बंदिस्त जागेंत न जळलेल्या दारूचे कण सांचलेले असले तर आगीचें निमित्त होते. म्हणून गोळीला चुंबक लावून पाहणें ही खरोखरच शहाणपणाची गोष्ट आहे. परंतु त्या अधिकाऱ्यानें चुंबक लावला तो गोळीला नव्हे, तर मागच्या पुंगळीला. गोळी शिशाची, वर तांब्याचें आवरण; तिला चुंबक चिकटत नव्हता, हें चिरंजिवांनीं त्यालाच करून दाखविलें. पोलादी होती ती पुंगळी, आणि पुंगळी कांहीं उतारापर्यंत उडत जात नाहीं. ती नेम मारणाराच्या पायाशीं पडते. मग तिची अडचण कोणाला? अडचण केर काढणाराला. पायांशीं पडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून रेंजवाले त्या विकतात. पितळेला भाव आहे, पोलादाला नाहीं, आणि दोन्ही मिसळलीं कीं निवडण्याचें काम वाढतें. हें कारण वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. दुकान चालवावयाचें तर दोन पैसे पितळेचेही मिळाले पाहिजेत. "पोलादी पुंगळ्यांनीं आमचें नुकसान होतें, म्हणून घेत नाहीं" असें सरळ सांगितलें असतें तर आम्ही त्यांचींच काडतुसें बिनतक्रार घेतलीं असतीं. परंतु तेथें नांव घेतलें गेलें तें सुरक्षिततेचें. शेजारच्या गाळ्यांतला एक जाडा गृहस्थ हें ऐकून डोळा मिचकावून म्हणाला, "इथें सगळ्यालाच सुरक्षितता म्हणतात." त्याच्या त्या हंसण्याची मला काळजी वाटली, कारण हाच मनुष्य माझ्यापासून चार फुटांवर भरलेलें पिस्तूल घेऊन उभा राहणार होता.

जे खरे नियम आहेत ते फार थोडे आहेत. अमेरिकेंतील जेफ कूपर (१९२०–२००६) या माजी सैनिकी अधिकाऱ्यानें ते चार वाक्यांत बसविले, आणि आज ते बहुतेक प्रत्येक रेंजच्या भिंतीवर कोणत्या ना कोणत्या रूपांत आढळतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें; जें नष्ट करावयाचें नाहीं त्याच्याकडे नळीचें तोंड वळवूं नये; नेम लागेपर्यंत घोड्यावर बोट नेऊं नये; लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागें काय आहे, हें जाणून घ्यावें. या चारांत एकही शब्द गल्ल्यासाठीं लिहिलेला नाहीं. नवख्याच्या पिस्तुलांत आधीं एकच काडतूस भरून द्यावें ही रीतही तशीच. २०१४ च्या ऑगस्टमध्यें ॲरिझोना राज्यांत एका नऊ वर्षांच्या मुलीच्या हातांत लागोपाठ गोळ्या सोडणारी उझी दिली गेली. झटक्यानें नळी वर उसळली आणि शेजारीं उभा असलेला तिचा शिक्षक प्राणाला मुकला. मुलांच्या वयाची अट पाहून नाकें मुरडणाऱ्या आईबापांना ही एक गोष्ट सांगितली तर पुरे आहे.

तिसरा प्रसंग घड्याळाचा. भाडें तासाचें. आम्ही आंत गेल्यावर वीसेक मिनिटांनीं एका गाळ्यांतलें लक्ष्य तारेवरून निसटून पुढें पडलें आणि "थांबा" अशी हांक झाली. अशी हांक झाली कीं सर्वांनीं त्याच क्षणीं हात थांबवावयाचा, बंदूक रिकामी करून खालीं ठेवावयाची आणि मागें सरावयाचें. ही हांक मालकानेंच द्यावी असें नाहीं, ज्याला धोका दिसेल त्या कोणीही द्यावी, असा सर्वत्र दंडक आहे. फार सुंदर दंडक आहे. पण आमचीं जवळ जवळ पंधरा मिनिटें त्यांत गेलीं, आणि तास भरला तेव्हां तीं वजा झालीं नाहींत. विचारलें, तर "घड्याळ थांबत नाहीं, तसें धोरण आहे." याचा परिणाम काय होतो पाहा. लक्ष्य पडलें तेव्हां चारही बाजूंनीं त्या बिचाऱ्याकडे रागाच्या नजरा वळल्या. जणूं त्यानें प्रत्येकाच्या खिशांतून पैसे काढले होते. उद्यां एखाद्या लाजाळू मुलीला शेजाऱ्याच्या बंदुकीचें तोंड भलतीकडे वळलेलें दिसलें तर ती हांक मारण्यापूर्वीं क्षणभर या नजरांचा विचार करील. तो एक क्षण किती महाग पडूं शकतो! येथें गल्ल्याच्या नियमानें जिवाच्या नियमाचा गळा धरला आहे, आणि मालकाच्या हें ध्यानांतही नाहीं.

चौथी गोष्ट सूनबाईंची. त्यांच्या पिस्तुलांत काडतूस अडकलें. त्यांनीं नळी समोर ठेवून, हात वर करून अधिकाऱ्याला बोलाविलें. सर्व कांहीं नियमाप्रमाणें. तो आला, न विचारतां पिस्तूल हातांत घेतलें, आणि काय बिघडलें हें चिरंजिवांना समजावून सांगूं लागला. पिस्तूल सूनबाईंचें, प्रश्न सूनबाईंचा, सभासदत्वही त्यांच्याच नांवाचें. आणि चिरंजिवांना या विषयांतलें त्यांच्या निम्मेंही कळत नाहीं. त्या शांतपणें म्हणाल्या, "प्रश्न मीं विचारला आहे, उत्तर मला द्या." तो ओशाळला, आणि मग नीट सांगितलें. अशी चूक बँकेंत किंवा मोटारीच्या दुकानांत झाली तर नुसता राग येतो. येथें मात्र जिच्या हातांत पिस्तूल राहणार आहे तिला माहिती न मिळणें हाच एक धोका आहे.

आतां मी ज्या प्रसंगाविषयीं लिहावयास बसलों तो सांगतों. एका दुपारीं आमच्यापुढें साठीच्या घरांतला एक गृहस्थ रांगेंत होता. चौकटीचा सदरा, नीट विंचरलेले केस, एकटाच. त्याला पिस्तूल भाड्यानें हवें होतें. "एकट्याला देत नाहीं, कोणाला तरी बरोबर घेऊन या." तो म्हणाला, "मी सैन्यांत होतों. मला शिकवायला नको." उत्तर आलें, "धोरण आहे. पुढचा कोण?" त्या गृहस्थानें आपलें ओळखपत्र हळूहळू पाकिटांत घातलें आणि कोणाकडेही न पाहतां तो बाहेर गेला. रांगेंतले दोघे-तिघे कुरकुरले: काय हा मूर्खपणा, माणसाला मित्र नसेल तर त्यानें नेमही मारूं नये काय?

हा नियम त्या रेंजचाच आहे असें नाहीं. तो कित्येक ठिकाणीं आहे. ज्याच्यापाशीं स्वतःची बंदूक आहे, किंवा ज्याच्यासंगें सोबती आहे, त्याला तो बहुधा लागूं नसतो. त्याचें कारण असें कीं, भाड्याचें पिस्तूल घेऊन एकट्या आलेल्या माणसानें रेंजवरच स्वतःचा शेवट करून घेतल्याच्या घटना त्या देशांत वेळोवेळीं घडल्या आहेत. न्यू हॅम्पशर राज्यांत २००९ सालीं, एका आठवड्याच्या आंत, एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या तीन माणसांनीं एकाच दुकानांतून बंदुकी घेतल्या आणि कांहीं तासांतच आपापलें आयुष्य संपविलें. तो दुकानदार हादरून गेला. त्यानें हात झटकले नाहींत. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांबरोबर तो बसला, आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यांत-वागण्यांत दुकानदारानें काय पाहावें, केव्हां विक्री नाकारावी, दुःखांत असलेल्या माणसाला मदत कोठें मिळते, याचीं पत्रकें त्यांतून निघालीं. तो उपक्रम पुढें इतर राज्यांतही गेला. या सर्वांच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे: निराशेचा झटका पुष्कळदां थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ साधन हातीं लागलें नाहीं तर माणसें सांवरतात, पुढें वर्षानुवर्षें जगतात, नातवंडें खेळवितात.

म्हणजे पाटीवरच्या सर्व नियमांत ग्राहकाला जो सर्वांत उद्धट वाटतो तोच सर्वांत दयाळू आहे. आणि तो सांगितला गेला तो मात्र सर्वांत निर्दयपणें! तो गृहस्थ केवळ हौसेनें आला होता कीं कांहीं दुःख घेऊन आला होता, हें मला ठाऊक नाहीं, खिडकीवरच्या तरुणालाही ठाऊक नव्हतें. हौसेनें आला असेल तर तो अपमान घेऊन गेला. दुःखानें आला असेल तर जगाला आपली गरज नाहीं, याची आणखी एक खूण घेऊन गेला. पिस्तूल न देण्यानें जें साधलें तें बोलण्यानें अर्धें गमावलें. "साहेब, पहिल्यांदा येणाऱ्या कोणालाच आम्ही सोबतीशिवाय पिस्तूल देत नाहीं, कोणाचा दिवस कसा चालला आहे हें आम्हांला कळत नाहीं, म्हणून सर्वांना एकच नियम. तुमचें बरें चाललें आहे ना? बसा, कॉफी घ्या," एवढें बोलावयास अर्धें मिनिट पुरतें. रांग अर्धें मिनिट थांबली असती. ती पंधरा मिनिटें थांबते, तेव्हां घड्याळ कोणाचें चालतें हें आपण पाहिलेंच.

कांहीं नियम असे आहेत कीं त्यांचें कारण सांगितलें तर ग्राहक घरींही ते पाळील. गाळ्याजवळ खाऊं-पिऊं नये, बाहेर पडतांना थंड पाण्यानें व साबणानें हात धुवावे, दोन दारांपैकीं एक मिटल्याशिवाय दुसरें उघडूं नये. लोक यांना सोपस्कार समजतात. वस्तुतः गोळी शिशाची, आणि तिला पेटविणाऱ्या टोपींतही बहुधा शिशाचा क्षार असतो; प्रत्येक बारागणिक त्याची बारीक धूळ हवेंत जाते. ती नेम मारणाराच्या पाठीकडून पुढें वाहून जावी म्हणून हवेचा एक सारखा झोत सोडलेला असतो. दोन्ही दारें एकदम उघडलीं कीं तो बिघडतो. कामाच्या जागेंतील हवेंत आठ तासांच्या सरासरीनें दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें नसावें, अशी मर्यादा अमेरिकन सरकारनें १९७८ सालीं घालून दिली. लहान मुलांच्या रक्तांत दर डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम शिसें आढळलें तरी लक्ष घालावें, असें तेथील आरोग्यखातें २०२१ पासून सांगतें. ही धूळ बुटांवरून व कपड्यांवरून घरांत येते, आणि जमिनीवर रांगणारें मूल ती तोंडांत घालतें. पादत्राणें उंबऱ्याबाहेर ठेवण्याची आपली चाल येथें किती उपयोगी पडते! पण त्या रेंजवर "हात धुवा" एवढेंच लिहिलें होतें. कां धुवावे, याचा एक शब्द नव्हता. कानांवर आवरणें घालण्याचेंही तसेंच. बंदुकीचा आवाज बहुधा १४० डेसिबलांच्या वर जातो, आणि तेवढा एक आवाजही कानाला कायमची इजा करूं शकतो, हें लिहिलें असतें तर तरुण मंडळी एकमेकांशीं बोलण्यासाठीं आवरण वर उचलतांना दोनदां विचार करतीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणालाही यांतलें मर्म सांगावयास नको. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरांत नियमांची कमतरता नव्हती. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यांत हात बुडवूं नये, हा एक नियम. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावूं नये, हा दुसरा. आणि सुनांनीं सर्वांच्या मागून जेवावें, हा तिसरा. तिन्ही एकाच आवाजांत, सोवळ्याच्या एकाच नांवाखालीं सांगितले जात. पहिल्या दोहोंना पाण्याची आणि लोणच्याची काळजी होती, तिसऱ्याला अधिकाराची. पुढें घरांतल्या शिकलेल्या सुनांनीं तिसरा मोडला, आणि त्याच्या भरांत कित्येक घरांतून पहिले दोनही गेले. हंड्यांत हात बुडूं लागले, आणि त्याचें शासन पोटाला भोगावें लागलें. एकाच नांवाखालीं भलतेंच कांहीं खपविलें म्हणजे खरें तेंही बुडतें.

रेंजच्या मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. दारांतून आंत येणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य त्याच्या हातून भरलेलें शस्त्र मागत असतो. विमा, हवेचा झोत, उताराची दुरुस्ती, शिशाचा कचरा उचलणें, हे खर्च मोठे आहेत. शंभर ग्राहकांत पंचाण्णव नीट वागतात. उरलेल्या पांचांतला एखादा सेकंदाला तीन गोळ्या झाडून छताला भोंकें पाडतो, आणि हटकलें तर वाद घालतो. दिवसभर अशांशीं बोलून आवाज चढतो, यांत नवल नाहीं. आमचे एन्. सी. सी. चे हवालदारही कांहीं मृदुभाषी नव्हते. परंतु ते रायफल हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक आज्ञेचें कारण सांगत, तें आमच्याकडून वदवून घेत, आणि मगच ओरडत. त्यांच्यापाशीं विकावयाचें कांहीं नव्हतें. त्यामुळें त्यांच्या ओरडण्यांत दुसरा हेतु शोधण्याचें आम्हांला कधीं सुचलें नाहीं. दुकानदाराला ही सवलत नाहीं. तो विकतोही आणि आज्ञाही करतो. म्हणून त्यानें आपल्या दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याची अधिक काळजी घेतली पाहिजे.

त्याला काय करतां येईल? फार कांहीं नको. भिंतीवर दोन पाट्या असाव्या. एकीवर जिवाचे नियम, प्रत्येकाखालीं एका ओळींत कारण. दुसरीवर दुकानाचे नियम: काडतुसें कोणतीं घ्यावीं, पुंगळ्या कोणाच्या, तास केव्हां संपतो, आणि तेथें सुरक्षिततेचें नांव नसावें. परदेशी पाहुण्यासाठीं कायद्याचीं दोन वाक्यें छापून खिडकीवर ठेवावीं. एकट्या आलेल्या माणसाशीं कसें बोलावें हें नोकराला शिकवावें. ज्याच्या हातांत बंदूक आहे त्याच्याशींच, म्हणजे तिच्याशींही, बोलावें. आणि "थांबा" ही हांक झाली कीं सर्वांचें घड्याळ थांबवावें; त्या पंधरा मिनिटांचें भाडें बुडालें तरी तो मालकाचा सर्वांत स्वस्त विमा आहे. ग्राहकानेंही आपल्याकडून एक करावें: नियमाचें कारण विचारावें, पण तें बंदूक खालीं ठेवून, आणि नियम पाळून झाल्यावर.

आपल्या मुलांकडे तिकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, हौस असेल तर अवश्य जावें. आधीं दूरध्वनीवरून आपल्या व्हिसाविषयीं विचारावें, आंत गेल्यावर त्या चार नियमांना देवाची आज्ञा समजावें, आणि घरीं येतांच, नातवंडाला उचलण्यापूर्वीं, हातपाय धुऊन कपडे बदलावे. बाकीच्या कुरकुरी खिडकीवर स्पष्ट बोलाव्या. रांगेंत हंसून सोडून देण्यापेक्षां तें बरें. कारण ज्या दिवशीं त्या काचेपलीकडे कोणी खरोखरच "थांबा" म्हणून ओरडेल, त्या दिवशीं पंधराही गाळ्यांतले हात तत्क्षणीं थांबतील, एवढा विश्वास त्या पाटीवर शिल्लक राहिला पाहिजे.